तुरुंगातलं पालकत्व: शिकवणी आधी की भेट आधी?

तुरुंगात असलेल्या आईवडिलांना पालकत्वाचे धडे देणारे वर्ग अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बरीच वर्षं चालू आहेत. आपल्या तुरुंगांत कीर्तनं होतात, योगवर्ग होतात, विपश्यनेची शिबिरं भरतात, गांधी विचारांची परीक्षाही घेतली जाते. या यादीत आणखी एक ओळ म्हणून 'पालकत्व प्रशिक्षण' सहज बसून जाईल, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. हे वर्ग हवेत, बापांसाठी तर आधी हवेत, असं माझं मत आहे. पण ज्याची मुलाशी धड गाठच पडत नाही, त्याला मुलाशी कसं वागावं हे शिकवून काय साधणार? आधी भेट, मग वर्ग. फार तर दोन्ही एकदम. नुसता वर्ग नको.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांत बाया २३,७७२, म्हणजे शंभरात चारच्या आसपास. त्यांतल्या १,५३७ जणींबरोबर १,७६४ मुलं तुरुंगातच राहत होती. हा शेवटचा आकडा दर वर्षी छापून येतो, त्यावर हळहळ व्यक्त होते, ती योग्यच आहे. पण उरलेले साडेपाच लाखांच्या आसपासचे पुरुष? बंदी निरक्षर आहे की पदवीधर, कुठल्या राज्याचा, कुठल्या वयाचा, हे सगळं अहवालात कोष्टकं करून दिलेलं असतं. त्याला मुलं किती, ती आज कोणाकडे जेवतात, याचं कोष्टक नाही. सरकारच्या लेखी तुरुंगातलं पालकत्व म्हणजे कडेवर मूल असलेली बाई. बाप हा फक्त बंदी.

आईच्या बाबतीत कायदा निदान बोलतो तरी. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सविस्तर निर्देश दिले. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, त्याच्यासाठी पाळणाघर आणि बालवाडी हवी, आहार वेगळा हवा, आणि मूल तुरुंगात जन्मलं तरी जन्मनोंदीत जन्माचं ठिकाण म्हणून तुरुंग लिहायचा नाही. त्याच निकालात एका अभ्यासाचा दाखला आहे, तो वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. महिलांच्या बराकीत वाढलेले मुलगे 'मी आली, मी जेवली' अशा थाटात बोलत. कारण भोवती पुरुष म्हणून कोणी नाहीच, भाषा शिकायची ती बायांकडूनच. कोर्टाच्या तारखेला आईबरोबर बाहेर पडलं की रस्त्यावरचं जनावर पाहून ही मुलं घाबरत.

आता अशा आईला आपण काय शिकवणार? बाळाला भरवायचं कसं, झोपवायचं कसं, हे तिला येतं. नाही आलं तर बराकीतल्या चार अनुभवी बाया आहेतच. त्या मुलाला अख्खी बराक सांभाळते. तिला न येणारी, आणि कोणालाच सहजी न येणारी गोष्ट एकच आहे: सहा वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला सोडायचं कसं. आजवर एक रात्रही आईवेगळं न झोपलेलं मूल एके दिवशी फाटकाबाहेर जातं, कधी आजीकडे, कधी बालगृहात. महिला बंद्यांसाठी वर्ग घ्यायचाच असेल तर तो या दिवसाभोवती बांधायला हवा. पाचव्या वर्षापासून मुलाला आजीकडे दोन-दोन दिवस पाठवून परत आणायचं, त्याच्या हातात काय द्यायचं, काय सांगायचं, आणि तो गेल्यावर पहिल्या आठवड्यात बाईकडे कोणी लक्ष द्यायचं, हे सगळं त्यात आलं. बालगृहातल्या मुलाला आठवड्यातून एकदा आईला भेटवावं आणि त्याला तुरुंगापर्यंत आणण्याची जबाबदारी समाजकल्याण खात्यानं घ्यावी, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. या एका निर्देशाचं ठिकठिकाणी काय झालं, हे कोणा आमदारानं सभागृहात विचारायला हवं. गाडी, ड्रायव्हर, सोबतची ताई आणि ठरलेला वार. इतकं साधं काम आहे ते.

बापांचं काय, याचं उत्तर मला दक्षिण आफ्रिकेतल्या एका खटल्यात सापडतं. १९९४ मध्ये अध्यक्ष झाल्यावर नेल्सन मंडेलांनी बारा वर्षांखालची मुलं असलेल्या मातांची उरलेली शिक्षा माफ केली. ह्युगो नावाच्या एका बंद्यानं त्याला आव्हान दिलं. त्याची बायको वारली होती, मूल बाराच्या आतलं होतं. मग मला का नाही, हा त्याचा प्रश्न. १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला: मुलं सांभाळण्याचा भार प्रत्यक्षात बायाच उचलतात, तेव्हा त्यांना दिलेली सवलत अन्यायकारक नाही. एका न्यायमूर्तींनी मात्र असहमती नोंदवली. मूल बाईनंच सांभाळायचं असतं, हीच जुनी समजूत अशा सवलतीनं पक्की होते, असा त्यांचा मुद्दा होता. मला दोघांचंही पटतं. बाया भार उचलतात हे खरंच, आणि पुरुषाकडून काही अपेक्षाच ठेवली नाही तर तो कधी उचलणार नाही, हेही खरंच. आपल्या तुरुंग व्यवस्थेनं दुसऱ्या बाजूचा विचारच केलेला नाही.

मुलाखतीची, म्हणजे घरचे बंद्याला भेटतात ती खोली पाहिली की हे कळतं. जाळी किंवा काच. कानाला लावायचा फोन. दोन्हीकडे एकाच वेळी सात-आठ जण मोठमोठ्यानं बोलताहेत, मागे पुढचा नंबर ताटकळलेला. आजीला वकिलाचं सांगायचं असतं, जामिनासाठी कोण उभं राहतंय ते सांगायचं असतं, गावात भावकीनं बांध कोरला तेही सांगायचं असतं. यात वेळ सरतो. उरलेल्या मिनिटभरात नातवाला उचलून काचेपुढे धरलं जातं. "बोल पप्पांशी." पोरगं गप्प. बाप म्हणतो, "अभ्यास कर हं. आजीला त्रास देऊ नको." पोरगं मान हलवतं आणि शेजारच्या काचेत रडणाऱ्या बाईकडे बघत राहतं. झाली भेट. यासाठी पहाटेची एसटी धरलेली असते, शाळा बुडवलेली असते, एका दिवसाची मजुरी गेलेली असते.

महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यानं यावर एक चांगला मार्ग काढला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. 'गळाभेट' नावाचा उपक्रम नागपूर, येरवडा अशा मध्यवर्ती कारागृहांत गेली काही वर्षं होतो. मुख्यतः शिक्षा झालेल्या बंद्यांची मुलं आत येतात, काचेशिवाय, जाळीशिवाय बापाला भेटतात, त्याच्या मांडीवर बसतात, बरोबर खाऊ खातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि वाचणाऱ्याचे डोळे ओले होतात. माझी तक्रार उपक्रमाबद्दल नाही, तो सोहळा होऊन बसला याबद्दल आहे. मंडप, पाहुणे, भाषण, आभार. सोहळा वर्षातून एकदा-दोनदाच परवडतो. मुलाला लागते ती सवय. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास, पाहुण्यांशिवाय आणि फोटोग्राफरशिवाय. वर्षभरानं भेटलेल्या बापाच्या गळ्यात पडून मूल रडतं, आणि ते ओळखू येईपर्यंत वेळ संपते. दर महिन्याला भेटणारं मूल रडत नाही. ते कंटाळतं, हट्ट करतं, बापाला उलट बोलतं. पालकत्व सुरू होतं ते तिथे, आणि त्या बापाला वर्गाची गरज लागते तीही तेव्हाच.

महिला बंद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये मंजूर केलेल्या बँकॉक नियमांतला अठ्ठाविसावा नियम हेच सांगतो: मुलांबरोबरची भेट मोकळ्या वातावरणात व्हावी, आई आणि मूल यांना एकमेकांना स्पर्श करता यावा. हा नियम पुरुषांना लावायला कोणी आडकाठी केलेली नाही.

वर्गात नेमकं काय शिकवायचं? 'पॉझिटिव्ह पेरेंटिंग'चे तक्ते पडद्यावर दाखवून मुलांचा मोबाइल किती वेळ असावा यावर व्याख्यान झोडणारी मंडळी इथे अजिबात नकोत. ज्याच्या मुलीला शाळेचा गणवेश आत्यानं घेतला आणि त्याबद्दल ती रोज बोलून दाखवते, त्याला वेगळंच काही हवं असतं. मला तीन-चार गोष्टी दिसतात.

पहिली अगदी साधी, फोनची. कोविडनंतर व्हिडिओवरून मुलाखत होते, फोनचीही सोय बऱ्याच ठिकाणी झाली आहे. पण पाच-दहा मिनिटांत मुलाशी बोलायचं काय, हे बापाला सुचत नाही. "जेवलास का, शाळेत जातोस का" इथे गाडी अडते, पलीकडून "हो" येतं आणि फोन आजीच्या हातात जातो. अशा बापाला एक वही द्यावी. मूल काय बोललं ते फोन ठेवल्यावर लगेच लिहायचं. सायकलची चेन पडते, वर्गात नवीन बाई आल्यात, मांजरीला तीन पिल्लं झाली. पुढच्या वेळी पहिला प्रश्न तोच: "चेन बसवली का रे?" माणूस आत आहे, पण आपल्या मांजरीची पिल्लं त्याच्या लक्षात आहेत, हे पोराला कळलं की ते बोलायला लागतं. लिहिता न येणाऱ्यानं शेजारच्याकडून लिहून घ्यावं. साक्षरतेचा वर्ग तुरुंगात असतोच, त्याला यापेक्षा चांगलं कारण कुठलं मिळणार?

इंग्लंडातल्या तुरुंगांत चालणाऱ्या एका उपक्रमात कैदी मुलांसाठी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करतात, दुसरे कैदी त्यांत आवाज-संगीत भरतात, आणि ती तबकडी घरी जाते. आपल्याकडे वाचायलाही नको. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, ही गोष्ट कुठल्या बापाला येत नाही?

दुसरी गोष्ट अवघड आहे: खरं सांगणं. 'पप्पा दुबईला कामाला गेलेत' हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. कुणाचे पप्पा मिलिटरीत असतात, कुणाचे जहाजावर. मग चौथी-पाचवीत कुणीतरी मधल्या सुट्टीत खरं काय ते सगळ्यांदेखत सांगतं, आणि मुलाचा बापावरचाच नव्हे, आजीवरचाही विश्वास उडतो. कोणी सांगायचं, कोणत्या वयात, किती सांगायचं, याची तयारी करून घेता येते. शिक्षा झालेला म्हणू शकतो, "मी चूक केली, तिची शिक्षा भोगतोय. तुझ्यामुळे नाही काही." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण लहान मुलं बहुतेक गोष्टींचा दोष स्वतःकडे घेतात. पण ज्याचा खटलाच चालू आहे, तो असं म्हणू शकत नाही. त्याच्यासाठी शब्द वेगळे लागतील: "माझ्यावर केस चालू आहे, कोर्ट ठरवेल." हे वर्ग घेणाऱ्याला कायद्याचं इतपत भान हवं.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. आत बसलेला बाप हताश असतो, आणि हताश बापाचे निर्णय बाहेरच्या मुलीवर पडतात. "दहावी झाली ना, बास झालं. मामाला सांग, स्थळ बघ." गावात आपल्या माघारी पोरीचं काही बरंवाईट झालं तर, या भीतीपोटी सतराव्या वर्षी लग्न उरकायचा निरोप तुरुंगातून जातो. तो बाप वाईट नसतो. त्याला वाटतं, आपण आतून एवढंच करू शकतो. त्याला दुसरं काही करता येईल हे दाखवणं, म्हणजे वसतिगृहाची माहिती देणं, बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मुलामागे दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज भरायला लावणं, मुलीशीच बोलायला लावणं, हे मला सगळ्या पालकत्व प्रशिक्षणाचं मर्म वाटतं.

आणि चौथी, सुटकेची. संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) घरी गेलेला बाप पहिल्याच दिवशी घराचा ताबा घ्यायला जातो. चार वर्षं बायकोनं घर चालवलेलं असतं, थोरला तेरा वर्षांचा मुलगा अर्धा कर्ता झालेला असतो. हा येतो आणि त्याला पाणी आणायला फर्मावतो. तिथून भांडणाला सुरुवात. रजेवर सोडण्याआधीचे दोन आठवडे हा वर्ग घेण्याची सर्वांत योग्य वेळ, कारण शिकलेलं लगेच वापरायचं असतं आणि परत आल्यावर काय फसलं ते बोलता येतं.

अशा वर्गांनी काही होतं का, हा रास्त प्रश्न आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात याची नीट चाचणी झाली. 'पेरेंटिंग इनसाइड आउट' या अभ्यासक्रमासाठी ३५९ बंदी आईवडिलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला हा अभ्यासक्रम दिला, दुसऱ्याला नेहमीच्याच सेवा. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत अभ्यासक्रम केलेल्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली आणि मुलांना सांभाळणाऱ्या माणसाशी त्यांचं नातं सुकर झालं होतं. यातला दुसरा निष्कर्ष माझ्या दृष्टीनं मोलाचा. बंद्याला मूल भेटणार की नाही हे ठरतं ते त्याच्या वागण्यावर नव्हे, तर मूल सांभाळणाऱ्या सासूवर, वहिनीवर, दुखावलेल्या बायकोवर. तिच्याशी बोलता आलं तरच दार उघडतं. ज्यांचे गुन्हे मुलांविरुद्धचे किंवा लैंगिक स्वरूपाचे होते, त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

कारण इथेच खरा आक्षेप आहे. प्रत्येक बाप मुलाला भेटण्याच्या लायकीचा असतोच असं नाही. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली आत असलेला बाप आहे. बायकोला जाळलेला बाप आहे, आणि त्याचं मूल एकाच वेळी आरोपीचंही आहे आणि मेलेलीचंही. तिथे 'नाती जोडा' असा सरसकट उत्साह क्रूरपणाचा ठरेल. भेट हा मुलाचा हक्क मानला की उत्तर आपोआप मिळतं. हक्क त्याचा, तेव्हा नकारही त्याचा. बाल कल्याण समितीनं मुलाशी एकट्यानं बोलून ठरवावं, आणि 'नको' म्हणणाऱ्या मुलाला आजीनं, पोलिसानं किंवा समाजसेवकानं मनवायला जाऊ नये.

दुसरा आक्षेप पारावरचा आहे, पण मी तो हलका मानत नाही. ज्याचा खून झाला त्याच्याही मुलांना बाप नाही. त्यांना गळाभेट कोण देणार? देता येणार नाही. त्यांच्यासाठी पीडितांना भरपाई देण्याची योजना कायद्यात आहे, आणि ती वेळेवर हाती पडत नसेल तर त्यावर आरडाओरडा करायला मीही येईन. पण त्याची वसुली आरोपीच्या सात वर्षांच्या पोरीकडून करण्यात न्याय कसला? तिनं काहीच केलेलं नाही. तिच्या नावावर कुठलंही कलम नाही.

एक धोक्याची सूचना तुरुंग खात्याला. परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत माफी मिळते, तशी या वर्गाला माफी जोडू नका. कागदावर ते आकर्षक दिसेल आणि वर्ग ओसंडून वाहील. पण मग मूल म्हणजे प्रमाणपत्राची एक अट होईल. बाप भेटायला येईल तो माफीचे दिवस मोजून घेण्यासाठी, आणि मुलांना हे फार लवकर कळतं. वर्गाचं बक्षीस भेट हेच असावं, आणि वर्ग केला नाही म्हणून भेट तोडूही नये.

पैशांचा विषय थोडक्यात. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि बंद्यांची मुलंही तिला पात्र ठरतात. कितीतरी आज्यांना याचा पत्ता नसतो. पालक आत आहे याचा पुरावा लागतो, तो तुरुंगातूनच मिळायचा, आणि त्यासाठी फाटकावर कोणाला विचारायचं हे कोणी सांगत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हीच मधली कामं करतो आहे. बंदी आणि घर यांच्यामध्ये ये-जा करणारा समाजसेवक प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात पगारी नोकरीवर हवा. दाखल झाल्या दिवशीच त्यानं विचारावं: मुलं किती, कुठे आहेत, आज रात्री त्यांना कोण बघतंय? अटकेच्या गडबडीत शेजाऱ्याकडे ठेवलेलं मूल चार दिवस तिथेच राहिल्याचं नंतर कळून उपयोग नाही.

आपल्याकडे याहून मोठी उडी मारण्याची परंपराही आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत औंध संस्थानच्या काळातली. निवडक बंदी तिथे बायकामुलांसह राहतात, शेती करतात. राजस्थानात सांगानेरलाही बंदी कुटुंबासह राहतात. तिथे पालकत्वाचा वर्ग लागत नाही, संध्याकाळी कामावरून घरी आलं की तो सुरूच होतो. अशा वसाहती वाढवाव्यात, हे सुधारणावादी नेहमी म्हणतात आणि मीही म्हणतो, पण तिथे पोचतात ते शिक्षेची बरीच वर्षं काढलेले पक्के कैदी.

कच्च्या कैद्यांचं काय? २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. ते 'उद्या सुटतील' म्हणून त्यांना वर्गात घेत नाहीत, गळाभेटीच्या यादीतही ते मागे राहतात, आणि तो उद्या दोन-तीन वर्षं येत नाही. दोन वर्षांचं मूल तोवर पाचाचं होतं. यावर पहिलं औषध जामीन हेच आहे. जामीन मिळूनही रक्कम भरता न आल्यानं आत राहिलेल्या बापाला पालकत्व शिकवण्यापेक्षा त्याचे पैसे भरणं स्वस्त पडेल. तोवर मोकळी भेट शिक्षा झालेल्यांइतकीच त्यांनाही हवी, उलट आधी हवी.

अधिकारी म्हणतील, माणसं कुठे आहेत? त्यांचं चुकत नाही. देशातले तुरुंग २०२२ मध्ये क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले होते, आणि एका शिपायानं किती बराकी बघायच्या? पण शेकडो मुलांना एका दिवशी आत घेऊन, तपासून, सुखरूप बाहेर सोडण्याचं काम याच खात्यानं गळाभेटीत करून दाखवलं आहे. तीच शेकडो मुलं महिन्यातल्या एका दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांत विभागली तर एका वेळी तीस-चाळीस येतील. मंडप लागणार नाही. मुलाखती बहुधा शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळात असतात. त्याऐवजी मुलांसाठी महिन्यातला एक रविवार ठेवायला कायदा बदलावा लागत नाही, अधीक्षकांच्या कार्यालयातून एक परिपत्रक निघालं तरी पुरतं.